साथीच्या काळात ले-ऑफ, पगार आणि ओव्हरटाइम: मालकांनी या चुका टाळाव्यात

साथ जाहीर झाली की कामगार कायदे आपोआप बाजूला पडतात, असा समज अजूनही टिकून आहे. कायदे कुठेच जात नाहीत. सवलत मिळते ती लेखी आदेशाने, आणि आदेशात लिहिली असेल तेवढीच. म्हणून आधी आदेशाची मूळ प्रत मिळवा. तो कोणत्या कलमाखाली निघाला, कोणत्या आस्थापनांना आणि कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे फाइलला लावा. मोबाइलवर फिरणाऱ्या सारांशावर पगारपत्रक बेतू नका.

सर्वांत महाग पडते ती ‘ले-ऑफ’ची चूक. ले-ऑफ म्हणजे काम देता येत नसल्याने कामगाराला नोकरीवरून न काढता तात्पुरते कामाविना ठेवणे. ‘सध्या घरी थांबा, कळवू’ एवढा निरोप देणे म्हणजे ले-ऑफ नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ले-ऑफच्या भरपाईची तरतूद कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. तिथेही किमान ५० कामगार हवेत आणि काम हंगामी नको. बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेला) किंवा नैमित्तिक (प्रासंगिक कामापुरता घेतलेला) नसलेल्या, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के भरपाई द्यावी लागते. ३०० किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. नैसर्गिक आपत्तीला यातून सूट आहे. पण साथ ही नैसर्गिक आपत्ती, असे स्वतःच ठरवून अर्ज टाळणे हा जुगार आहे. अर्ज करून पोच ठेवलेली बरी.

दुकान, गोदाम किंवा आयटी ऑफिस असेल तर ही तरतूद लागूच होत नाही. तिथे नेमणूक करारात किंवा स्थायी आदेशांत (आस्थापनेच्या प्रमाणित सेवानियमांत) ले-ऑफचा अधिकार नसेल, तर मालकाला तो नसतो. फायरस्टोन या टायर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच हे सांगितले आहे. म्हणजे अर्धा पगार देऊन सुटलो असे वाटते आणि नंतर उरलेल्या अर्ध्याचा दावा दाखल होतो.

मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचाही घोळ होतो. ले-ऑफच्या काळातही मस्टर ठेवायचे असते आणि कामगाराने ठरलेल्या वेळी हजेरी लावायची असते. रस्तेच बंद असतील तर तो येणार कसा? मग ‘गैरहजर’ लिहून भरपाई कापली जाते आणि वाद तिथेच पेटतो. प्रत्यक्ष यायची गरज नाही आणि फोनवरची हजेरी धरली जाईल, असा लेखी आदेश काढा व फोनच्या नोंदी जपून ठेवा.

लॉकडाउनमध्ये पूर्ण पगार द्या, असे सांगणाऱ्या २९ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशाबद्दलही अर्धवट माहिती फिरते. तो मे २०२० मध्ये मागे घेतला गेला. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटीने तोडगा काढावा असे सुचवले. पगार माफ झाला, असे म्हटले नाही. कपात ठरवायचीच असेल तर लेखी समझोता करा. त्यात टक्का, कालावधी आणि थकबाकी कधी देणार हे स्पष्ट लिहा, युनियन असेल तर तिची सही घ्या.

ओव्हरटाइमच्या बाबतीत गुजरातचे उदाहरण पुरेसे आहे. २०२० मध्ये तिथे अधिसूचनेद्वारे बारा तासांची पाळी आणि दुप्पटऐवजी साध्या दराने ओव्हरटाइम अशी मुभा मिळाली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना ओव्हरटाइम देण्यास सांगितले. सरकारी सवलतही कोर्टात पडू शकते, म्हणून तासांची नोंद प्रत्येक कामगारामागे रोजची ठेवा.

मास्क, सॅनिटायझर, तपासणीचा खर्च पगारातून कापणे ही छोटी वाटणारी पण उघड बेकायदा गोष्ट. कामाच्या जागी आरोग्य-सुरक्षेसाठी केलेल्या सोयीचे शुल्क कामगाराकडून घेता येत नाही.

कंत्राटदार पसार झाला तर? त्याच्या कामगारांचा थकलेला पगार मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळता करायचा. म्हणून त्याचे बिल देण्यापूर्वी वेतनपत्रक आणि बँकेच्या नोंदी मागा.

आजारी कामगार ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमाधारक असेल आणि हप्त्यांची अट पूर्ण करत असेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ वर्षाला कमाल ९१ दिवस मिळतो. पण मालकाने हप्ते थकवले असतील तर अडचण नेमकी अशा वेळी उघडी पडते. कामगाराच्या पगारातून कापलेली पीएफ-ईएसआयची रक्कम रोख चणचणीत वापरू नका. सरकार साथीत हप्ते पुढे ढकलू किंवा कमी करू शकते, तेही एका वेळी तीन महिन्यांपर्यंत आणि आदेश निघाल्यावरच. तोपर्यंत चलन वेळेवर भरा.