वाट पाहायला शिकताना: उन्हाळ्यात हरणांच्या मागावर येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

मेळघाटात पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे प्राणिशास्त्रातली एमएस्सी होती, दुर्बीण होती आणि उन्हाळ्यात हरणं पाण्यावर येतात एवढं पक्कं ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर मी रस्त्याकडेच्या एका सिमेंटच्या पाणवठ्यापाशी सलग चार संध्याकाळी मचाणावर बसले. मोर आले, वानरं आली, एक मुंगूस पाणी पिऊन गेलं. सांबर एकही नाही. पाचव्या दिवशी त्या बीटच्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीच्या, वनरक्षक दादांनी मला मचाणावर चढूच दिलं नाही. म्हणाले, "पानी काय पाहता मॅडम, वाट पाहा ना."

मला वाटलं, धीर धरायला सांगताहेत. पण दादा जमिनीकडे बोट दाखवत होते. पाणवठ्याभोवती पिठासारखी धूळ साचली होती आणि तिच्यावर पक्ष्यांचे, मुंगसाचे, टँकरच्या चाकांचे ठसे होते. खुराचा एकही नव्हता. मग आम्ही अर्धा किलोमीटर नाल्याच्या कोरड्या पात्रातून चालत गेलो. एका वळणावर जांभळीच्या मुळांखाली परातीएवढा झिरा होता. तिथे उताराच्या तीन पायवाटा येऊन मिळत होत्या आणि तिन्हींवर सांबराचे खूर एकावर एक उमटलेले होते. चार दिवस मी ज्यांची वाट पाहत होते, ते चारही रात्री इथे पाणी पीत होते.

फील्ड असिस्टंट म्हणून किंवा स्वयंसेवक म्हणून यंदा पहिल्यांदा उन्हाळ्यात हरणांच्या मोजणीला जंगलात येणार असाल, तर पाणी शोधण्याआधी पाण्याकडे येणारी वाट वाचायला शिका. आपल्याकडे शिकार 1972च्या कायद्याने बंद झाली. पण शिकाऱ्याला जे जे कळावं लागायचं ते सगळं, म्हणजे जनावर कुठे चरतं, कधी उठतं, कुठून येतं, वारा कोणीकडून आहे, हे मोजणी करणाऱ्यालाही कळावं लागतं. हे ज्ञान आज वनरक्षकांकडे, वनमजुरांकडे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या कोरकू आदिवासींकडे आहे. त्यांच्यासोबत चालायला मिळणं हीच या कामाची सगळ्यात मोठी कमाई, असं मी आजही मनापासून मानते.

पहिल्या आठवड्यात कुठेही बसू नका, नुसतं चाला. सकाळी उजाडताना निघायचं आणि नऊच्या आत परतायचं. जंगलातला कच्चा रस्ता, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) आणि नाल्याची वाळू या तीन पाट्यांवर रात्रीचा सगळा हिशेब लिहिलेला असतो. आदल्या संध्याकाळी पाल्याच्या फांदीने वाटेचा दोन-तीन मीटर पट्टा झाडून ठेवला, तर सकाळी दिसणारा ठसा रात्रीचाच, याबद्दल शंका उरत नाही. ठशाची धार बघा. ताज्या खुराची कड सुरीने कापल्यासारखी असते. दुपारचा वारा लागला की ती ढासळते. आणि ठशावरून मुंग्यांची रांग किंवा किड्याची रेघ गेली असेल, तर जनावर जाऊन बराच वेळ झाला. रानडुकराच्या ठशात मागे दोन उपखुरांच्या खुणा बहुतेक वेळा उमटतात. चितळाचा खूर लहान आणि टोकदार, सांबराचा त्याहून ठळक मोठा. गाईगुरांचा गोलसर असतो, तो पहिल्या दोन दिवसांतच डोळ्यांत बसतो.

लेंड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले होते. मे महिन्यातल्या उन्हात ताजी लेंडी काही तासांत वरून वाळून काळी कडक होते. थंडीतल्या सवयीने तिला आपण "जुनी" म्हणून मोकळे होतो. काडीने फोडून बघा. आत हिरवट ओल असेल तर ती आजचीच. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेला मोठा ढीग दिसला, तर तो सांबराचा धरू नका. नीलगाय, जिला आमच्याकडे रोही म्हणतात, आणि चौसिंगा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात. मी एका अख्ख्या उतारावरच्या नोंदी सांबराच्या म्हणून केल्या होत्या. ढिगांच्या जागा नकाशावर मांडल्यावर चूक लक्षात आली आणि दहा दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

मराठीत सारंग आणि कुरंग असा सुरेख भेद आहे. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. त्यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. चौसिंगा, काळवीट, रोही हे कुरंग. त्यांची शिंगं कायमची. उन्हाळ्यात हा भेद कामाला येतो. एप्रिल-मेमध्ये चितळाचा नर भरदार शिंगांनिशी आरवत फिरत असतो. त्याच दिवसांत सांबराच्या नराची शिंगं गळून गेलेली असू शकतात किंवा नवी, मखमल चढलेली असतात. नवी मुलं अशा नराची नोंद मादी म्हणून करतात. डोक्याआधी मान बघा. नराच्या मानेवर दाट आयाळीसारखे केस असतात.

वाट कळायची तर तिची दोन्ही टोकं कळायला हवीत. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला खाणं किंवा सावली. मेळघाटातलं सागवान उन्हाळ्यात पानं गाळतं, डोंगर उघडे पडतात आणि सावली नाल्याकाठच्या अर्जुन, जांभूळ, उंबर यांच्यापुरती उरते. सांबर दिवसभर तिथेच पडून राहतं. खाण्याचं टोक दर काही आठवड्यांनी सरकतं. आधी काटेसावरीची पडलेली फुलं, मग मार्च-एप्रिलमध्ये मोह, नंतर उंबराखाली पडलेली फळं. मोह पडायला लागला की पहाटे हरणं झाडाखाली असतात आणि बऱ्याचदा अस्वलही असतं. अंधारात मोहाच्या झाडाकडे एकट्याने जायचं नाही. दादा पुढे असल्याशिवाय नाहीच.

वाऱ्याचं गणित डोंगराळ भागात वेगळं असतं. पहाटे गार हवा उतारावरून नाल्याकडे वाहते. ऊन चढलं की जमीन तापते आणि हवा वर जायला लागते. म्हणजे सकाळी सहाला सुरक्षित असलेली जागा नऊला तुमचा वास थेट जनावरापर्यंत पोहोचवते. दादांच्या खिशात राखेची छोटी पुरचुंडी असायची. चिमूटभर राख सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. अत्तर, डास पळवायचं क्रीम, वासाचा साबण कॅम्पवरच ठेवा.

नोंदींची पद्धत तुमच्या प्रकल्पात शिकवतीलच. देशभर दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तेव्हा भक्ष्यप्राण्यांसाठी साधारण दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवर तीन सकाळी चालतात. आमच्याकडेही तेच होतं. जनावर दिसलं की जात, संख्या, अंतर आणि रेषेपासूनचा कोन. कळप 60 मीटरवर आणि कोन 30 अंश असेल, तर रेषेपासूनचं लंबांतर, म्हणजे काटकोनातलं अंतर, 30 मीटर. शेवटच्या हिशेबात हेच लंबांतर लागतं. जनावर पहिल्यांदा जिथे दिसलं तिथलं अंतर लिहायचं, पळून जिथे थांबलं तिथलं नाही. मे महिन्यात सागाच्या वाळक्या पानांवर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि भेकर तुमच्या आधी उठतं. म्हणून चार पावलं टाकायची, थांबायचं, पूर्ण वळून बघायचं, पुन्हा चार पावलं. दोन किलोमीटरला दीड-दोन तास लागले तरी चालेल.

कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. त्याचा सेन्सर जनावराचं अंग आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. दुपारी हवा 42-43 अंशांवर गेली की हा फरकच उरत नाही आणि समोरून सांबर गेलं तरी कॅमेरा गप्प राहू शकतो. उलट, तापलेलं गवत हललं की फोटो निघत राहतात. माझा पहिला कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर लावला होता. नऊ दिवसांनी कार्ड भरलेलं होतं आणि त्यात गवताशिवाय काहीही नव्हतं. कॅमेरा सावलीत, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून लावा आणि समोरचं गवत परवानगी घेऊन साफ करा. आणि पाण्यावर नको, वाटेवर लावा. पाण्याच्या काठावर जनावर गर्दीत, पाठमोरं, मान खाली घालून उभं असतं. वाटेवर ते एकेकटं, आडवं जातं.

वैशाखी पौर्णिमेच्या मचाणाबद्दल सगळेच विचारतात. बुद्धपौर्णिमेला ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा इथे लोक रात्रभर मचाणावर बसतात. वनविभाग त्याला गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणतो आणि ते नाव योग्यच आहे. एकच सांबर रात्रीत दोन पाणवठ्यांवर मोजलं जाऊ शकतं, त्यामुळे त्या रात्री मोजलेल्या आकड्यांवरून जंगलातली संख्या काढता येत नाही. पण जरूर बसा. चांदण्यात कान तयार होतात. चितळाची तीक्ष्ण शीळ, भेकराचं भुंकणं, सांबराचा एकच दणदणीत "ढाँक" आणि त्यामागून पाय आपटल्याचा आवाज एका रात्रीत वेगवेगळे ओळखता यायला लागतात.

उन्हाबद्दल कळकळीने सांगते. एका प्रकल्पात "आज एवढी रेषा संपवून टाका" म्हणून आम्हाला अकरा वाजेपर्यंत चालवलं होतं. माझ्या जोडीदाराच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग त्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. त्याला नाल्यातल्या सावलीत निजवून, अंगावर ओलं फडकं टाकून, गाडी येईपर्यंत दीड तास आम्ही वारा घालत बसलो. तो बरा झाला. पण त्या दिवसापासून साडेनऊनंतर मी चालत नाही आणि माझ्यासोबत आलेल्या कुणाला चालूही देत नाही. माणशी चार-पाच लिटर पाणी, ओआरएस, टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट. नोकरी घेताना विमा आहे का, आजारी पडल्यास गाडी कुठून येणार, परवान्यावर तुमचं नाव आहे का, हे आधी विचारा. विचारायला संकोचू नका.

वाटा वाचताना एक दिवस तारेचा फास दिसेल. मला तो दुसऱ्या उन्हाळ्यात दिसला. झिऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर, गुडघ्याच्या थोडा वर, करवंदीच्या जाळीत बांधलेली गाडीच्या क्लचची तार. जी वाट मी जनावरासाठी वाचत होते, तीच कुणीतरी वेगळ्या हेतूने वाचली होती. अशा वेळी हात लावायचा नाही. फोटो, जीपीएस, आणि लगेच वनरक्षकांना सांगायचं. पाण्याभोवती मेलेले पक्षी किंवा मासे दिसले तर पाण्यात विष असू शकतं. तेही त्याच घडीला कळवायचं. तुमच्या झिऱ्याचं ठिकाण, तारीख, वेळ कळेल असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

आणि काही न दिसलेल्या दिवसाची नोंद करा. सिमेंटच्या पाणवठ्यावरच्या माझ्या चार रिकाम्या संध्याकाळी मी वहीत लिहिल्याच नव्हत्या, "काही नव्हतं, काय लिहायचं" म्हणून. नंतर तो पाणवठा दुसरीकडे हलवावा का, अशी चर्चा निघाली तेव्हा त्याच चार ओळी हव्या होत्या. आता मी लिहिते: वार, वेळ, वारा, शून्य.

मृगाची पहिली चांगली सर पडली की हे काम थांबतं. खडकांच्या खळग्यांत पाणी साचतं, गवताचे कोंब दिसायला लागतात आणि हरणं डोंगरभर पांगतात. गेल्या वर्षी त्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी मी आणि दादा कॅमेरे काढायला झिऱ्यावर गेलो. तिन्ही वाटा धुऊन गेल्या होत्या. पलीकडच्या काठावर, ओल्या मातीत, एका मादीचे आणि तिच्या पाडसाचे खूर वर चढत गेलेले होते. दादांनी वही मागितली आणि त्यांच्या अक्षरात शेवटची नोंद केली: सांबर, दोन, डोंगराकडे.