कॅमेरा घेताना या चुका टाळा: आधी लेन्स, मग बॉडी

कॅमेऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न हमखास 'किती मेगापिक्सेल?' हाच असतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तरी २० इंच रुंद प्रिंट निघते, आणि फोर-के टीव्हीला तर सव्वाआठ मेगापिक्सेलही पुरतात. घरच्या वापरासाठी त्याहून जास्तीचे पैसे मोजू नका. बघायचाच तर सेन्सरचा, म्हणजे आत प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार बघा. मोठा 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ बाय २४ मिमी, मधला 'एपीएस-सी' साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, तर लांब झूमच्या, लेन्स न बदलता येणाऱ्या बऱ्याच ब्रिज कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी असतो. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही, दिवेलागणीला लगेच जाणवतो.

खरी महागात पडणारी चूक वेगळी आहे: सगळं बजेट बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, संपवायचं आणि सोबत आलेल्या १८-५५ मिमी किट लेन्सवर भागवायचं. घरात बारसं आहे, ट्यूबलाइटचा उजेड आहे आणि बाळ स्थिर राहत नाही. ५५ मिमीवर ही लेन्स एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तिथे शटर १/२० सेकंदावर येतं आणि बाळाचे हात हललेले दिसतात. त्याच उजेडात, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) ५० मिमी एफ/१.८ लेन्सवर १/२०० मिळतं, कारण प्रकाश जवळपास दहापट आत येतो. म्हणून फोटो हलतात म्हणून बॉडी बदलू नका, आधी ही छोटी लेन्स घ्या. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात मोठा फरक तीच पाडते, असं माझं ठाम मत आहे.

पक्ष्यांचं गणित उलटं आहे. भिगवणला होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे, तर ५५ मिमीत गुलाबी ठिपकेच येतील. किमान ४०० मिमी हवी, आणि तशी लेन्स बॉडीपेक्षा महाग पडू शकते. तेवढं बजेट नसेल, तर लहान सेन्सरचा ब्रिज कॅमेरा खुशाल घ्या, सकाळच्या चांगल्या उजेडात तो समाधान देतो. फक्त झूमचा आकडा वाचताना ऑप्टिकल किती ते बघा. डिजिटल झूम म्हणजे निव्वळ क्रॉप.

सेकंड हँड घेताना बॉडी आणि लेन्सची जोडी जुळते का ते नीट तपासा. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकस मोटर नाही. त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स त्यावर बसते, पण ऑटोफोकस होत नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे स्वतःची मोटर असलेली लेन्सच मागा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वापरलेल्या लेन्सला फंगसची भीती असते. मागून टॉर्च मारून, लेन्स तिरकी धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या.

नवा घेतानाही आपलं मेमरी कार्ड सोबत न्या, दुकानाच्या आतच आयएसओ ३२०० ला दोन-चार फोटो काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मग ठरवा. बिलाशिवाय मिळणाऱ्या 'इम्पोर्टेड' पीसच्या नादी लागू नका. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच बघतात.