मोटरहोमनं फिरताना किमती सामान जातं कुठे? या चुका टाळा

मोटरहोम, म्हणजे आतच झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेणारं कुटुंब पहिला प्रश्न विचारतं तो रात्रीचा. नागपूर-सिवनी महामार्गावर देवलापारच्या पुढे जंगलात थांबलो आणि कोणी आलं तर? प्रश्न रास्त आहे. पण रात्री गाडीत चार माणसं असतात, दारं आतून लावलेली असतात, आणि माणसं असलेल्या गाडीत शिरायची हौस चोरालाही नसते. सामान जातं ते बहुतेक दिवसा, गाडी रिकामी असताना. त्यातही अशा ठिकाणी, जिथे ती किती वेळ रिकामी राहणार हे बघणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ तिथेच आहे.

सफारीच्या वेळी सगळं गाडीत सोडणं

ताडोबाचंच घ्या. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, पर्यटकांना मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे मोहर्लीला किंवा कोलाऱ्याला जिप्सीत बसण्याआधी घरातल्या सगळ्यांचे फोन मोटरहोममध्ये राहतात. लॅपटॉप, पर्सा, घड्याळं तिथे आधीपासून असतातच. जिप्सी एकदा आत गेली की काही तास परत येत नाही, हे गेटवर उभ्या असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. चोराला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कोण देणार?

उपाय सोपा आहे. मोटरहोम गेटपाशी नेऊच नका. रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या आवारात उभी करा आणि जिप्सी तिथूनच ठरवा. बहुतेक जिप्सीवाले न्यायला येतात. फोन रिसेप्शनला द्यायचे तर मोजून, लिहून द्या. गाडीत ठेवायचे तर बंद करू नका, फक्त आवाज बंद करा. चालू फोनचं शेवटचं ठिकाण नंतर शोधता येतं. कॅमेरा तुमच्यासोबत जाणारच, आणि बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलंय ते मूळ ओळखपत्रही गेटवर दाखवावं लागतं. म्हणजे ही दोन्ही आपोआप सुटली.

रामटेकच्या गडावर, खिंडसीला बोटिंग करताना किंवा पेंचच्या सिल्लारी गेटवरही हीच कथा. शहरातल्या थांब्यावर एकानं गाडीपाशी थांबणं सगळ्यात स्वस्त पडतं. आळीपाळीनं जा. कुरकुर होईल, होऊ द्या.

"या ना, आतून बघा!"

ही चूक युरोपातल्या मोटरहोमवाल्यांना फारशी सांगावी लागत नसेल, आपल्याकडे मात्र सांगावीच लागते. इथे मोटरहोम अजून नवलाईची आहे. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी रस्त्यावर अशी गाडी दिसली की माणसं थांबतात. तर्री पोह्याच्या ठेल्याजवळ दहा मिनिटं उभे राहा, कोणीतरी विचारतोच, "भाऊ, आत संडासबी आहे का?" आपणही खूश होऊन दार उघडतो, पलंग दाखवतो, टीव्ही दाखवतो, आणि बोलता बोलता "ही छोटी तिजोरी" हेही दाखवून टाकतो.

विचारणारे शंभरातले नव्याण्णव निव्वळ उत्सुक असतात, त्यांना तुसडेपणानं हाकलायचं काही कारण नाही. दारातून दाखवा. कप्पे उघडू नका. कुठून आलात ते सांगा, पण आज रात्री कुठे थांबणार ते सांगू नका. मुलांनाही हे समजावून ठेवा, कारण सगळा कार्यक्रम उत्साहानं सांगणारी तीच असतात. रील टाकायची असेल तर ते ठिकाण सोडल्यावर टाका.

भाड्याच्या गाडीसोबत बऱ्याचदा चालक येतो. त्याच्यावर संशय घ्यावा असं मी म्हणत नाही. रात्रंदिवस सोबत राहणाऱ्या माणसाशी असं वागलात तर सहल कडू होते. पण तिजोरीचा आकडा त्याला माहीत असण्याचीही गरज नाही. काही गेलंच तर पहिलं बोट त्याच्याकडे वळतं, म्हणून हे त्याच्याही भल्याचं आहे.

रिमोट वाजला म्हणजे गाडी बंद झाली असं समजणं

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाडीत रिमोटनं बंद होतात ती बहुधा केबिनची दारं. राहण्याच्या भागाचं बाजूचं दार, मागचं दार, बाहेरून उघडणारे सामानाचे कप्पे, गॅस सिलिंडरचा डबा, संडासाच्या टाकीची खिडकी या सगळ्यांना वेगळी कुलपं असतात. गाडी ताब्यात घेताना रिमोट दाबा, भोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक दार-झाकण हातानं ओढून बघा. एखादं तरी उघडं सापडतंच. पुढेही दर थांब्यावर निदान मोठी दारं ओढून बघायची सवय ठेवा. रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं चोर वापरतात. लांबून बटण दाबत निघून गेलात तर दार उघडं राहिल्याचं कळतही नाही.

बाहेरच्या कप्प्यांना फॅब्रिकेशनवाले बाजारातली साधी कॅम लॉक लावतात. त्यांच्या चाव्यांचे प्रकार मोजकेच असल्यानं एकाची चावी दुसऱ्याला सहज लागते. अमेरिकन बनावटीच्या गाड्यांमध्ये तर सीएच ७५१ क्रमांकाची चावी इतक्या कप्प्यांना चालते की ती तिथल्या प्रवाशांमध्ये चेष्टेचा विषय आहे. तुमच्या चावीवर छोटा क्रमांक कोरलेला असेल, तर तोच क्रमांक सांगून दुकानातून दुसरी चावी मिळू शकते. कुलूप बदलणं म्हणजे एक नट सोडवण्याचं काम. जरा बऱ्या प्रतीचं बसवा. तरीही त्या कप्प्यांत खुर्च्या, पाइप, ठोकळे एवढंच ठेवा.

काही नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे इलाज:

बाजूचं दार घरी नीट लागतं, मुक्कामी लागत नाही. गाडी खडबडीत जागेवर उभी आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की बॉडीला पीळ बसतो आणि कडीचं तोंड खाचेसमोर येत नाही. दार आपटत बसू नका. चाकाखाली ठोकळा देऊन गाडी सपाट करा. सपाट जागेवरही तसंच होत असेल तर चौकटीवरच्या खाचेच्या पट्टीचे स्क्रू सैल करून ती दोन-तीन मिलिमीटर सरकवा.

चावी अर्ध्यात अडकते. धूळ आहे. तेल घालू नका, तेलावर आणखी धूळ बसते. ग्रॅफाइटची पूड फुंका.

सरकत्या काचेची खिटी बाहेरून हलवली की निसटते. खिटी झिजली आहे. रुळात बसेल एवढी लाकडी पट्टी कापून आडवी ठेवा, काच सरकतच नाही. मात्र ती आतून एका हातानं निघाली पाहिजे.

ही शेवटची अट सगळ्याच कुलपांना लागू आहे. काहीजण रात्री केबिनच्या दोन्ही दारांच्या आतल्या मुठींतून पट्टा ओवून ताणून बांधतात. युक्ती चांगली आहे, दार बाहेरून उघडलं तरी ओढता येत नाही. पण पट्ट्याला झटक्यात सुटणारं बक्कल हवं. आतून टाळं लावून चावी उशीखाली ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. गाडीत गॅसची शेगडी आहे, आग लागली तर बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात.

नवतपात छत उघडं ठेवणं

मेच्या शेवटी नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की बंद गाडीची भट्टी होते. परत आल्यावर आत पाय ठेवता यावा म्हणून लोक छताची खिडकी आणि मागची काच उघडी टाकून जातात. मागे शिडी असतेच, म्हणजे छतावर जायची सोयही आपणच करून दिलेली. छतावर जाळी असलेला, बाहेरून न उघडणारा पंखा बसवून घ्या, शिडीचा खालचा भाग दुमडता येईल असा करा आणि सावली शोधून गाडी लावा. आणखी एक गोष्ट: पॉवर बँक, लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डखाली बंद करून ठेवू नका. चोरी वाचेल, बॅटरी फुगेल.

तिजोरी घेतली आणि निर्धास्त झालो

कपाटात नुसती ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला सामान डब्यात भरून देणं. ती बोल्टनं बसवायला हवी, आणि तेही प्लायवूडला नाही. प्लायवूड पहारीनं एका झटक्यात फाटतं. बोल्ट फरशीच्या खालच्या लोखंडी चौकटीत जायला हवेत आणि त्यांचे नट तिजोरीच्या आतून कसलेले हवेत. भोक पाडण्याआधी खाली डिझेलची टाकी, पाण्याची लाइन किंवा वायर नाही ना, हे गॅरेजवाल्याकडून बघून घ्या.

स्वस्त इलेक्ट्रॉनिक तिजोऱ्यांच्या अडचणी ठरलेल्या. कारखान्यातून आलेला मूळ आकडा कोणी बदलत नाही. मालकाचा आकडा बदलला तरी काहींमध्ये आणखी एक मास्टर आकडा असतो, तो तसाच राहतो. पुस्तिका वाचून दोन्ही बदला. सेल संपले की दार उघडत नाही, तेव्हा लागते आणीबाणीची चावी, आणि ती आपण सांभाळून तिजोरीतच ठेवलेली असते! ती घराबाहेर पडताना खिशात असावी. काही हलक्या तिजोऱ्या वरून जोराचा ठोसा मारला तरी उघडतात, कारण आतली खिळी फक्त स्प्रिंगवर टेकलेली असते. दुकानातच ठोकून बघा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान आहे.

आणि तिजोरी असली तरी सगळं तिच्यात नको. रोख दोन-तीन जागी विभागा. एक कार्ड कुणाच्या तरी अंगावर राहू द्या. समोरच्या खणात थोडे पैसे आणि जुना फोन असलेलं पाकीट ठेवा. घाईतला चोर बऱ्याचदा तेवढं उचलून पळतो. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमधून दाखवलेली चालतात, तेव्हा मूळ कागद घरीच ठेवता येतात. सोनं न्यायचं कारण मला तरी समजत नाही. लग्नाला जात असाल तर गोष्ट वेगळी, पण जंगलात वाघाला नेकलेस दाखवायचाय का? ते बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत असते. मोटरहोमच्या कपाटाची अशी कुणावरच नसते.

मदतीला आलेल्या माणसावर पटकन विश्वास

"भाऊ, ऑइल गळून राह्यलं ना तुमचं!" सिग्नलला कोणीतरी ओरडतं. आपण उतरून बोनेटपाशी जातो आणि दुसऱ्या बाजूनं पर्स जाते. टायरकडे बोट दाखवणं, रस्त्यावर नोटा पडल्याचं सांगणं, हे याचेच प्रकार. उतरायचंच तर चावी काढा, दारं लावा, मग बघा. शक्य असेल तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी न्या. "पुढे तपासणी आहे, दागिने काढून रुमालात बांधा" असं सांगणारा साध्या वेशातला पोलीस तोतया समजा. कोणताही खरा पोलीस तुमचे दागिने पुडीत बांधून देत नाही.

झोपलेल्यांवर गुंगीचा स्प्रे मारून चोरी होते अशी दंतकथा जगभरातल्या मोटरहोमवाल्यांत फिरते. बाहेरून वायू सोडून माणसं न कळत अशी बेशुद्ध करता येत नाहीत, असं ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं स्पष्ट केलंय. आपल्याकडचा धोका जुनाच आहे, अनोळखी सहप्रवाशानं दिलेला चहा आणि बिस्किट.

रात्रीची जागा निवडताना उजेड आणि वर्दळ बघा. मनसर-खवासा पट्ट्यात ट्रकवाले जिथे थांबतात असा ढाबा किंवा मोठा पंप चांगला, मालकाला विचारून. समृद्धीवर कडेला गाडी लावून झोपू नका. तिथे चोरीपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकचा धोका मोठा आहे.

ट्रॅकरवर सगळा भार

ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनांच्या भरवशावर चालतो. सीताबर्डीत तो अचूक, पेंचच्या बफरमध्ये मुका. सिमवरच्या जीपीएसलाही रेंज लागते. त्याची वायर राहण्याच्या भागातल्या दिवे-पंख्यांच्या बॅटरीवर घेतली असेल, तर तुम्ही मुख्य स्विच बंद करताच तोही झोपतो. स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या.

चोरी झाल्यावर आवराआवर करणं

कुलूप फुटलेलं दिसलं की आपण पहिल्यांदा आत जाऊन सगळं उपसतो. थांबा. आधी फोटो, मग ११२. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावर वाद झाला तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. नागपूरहून निघून खवाशापलीकडे मध्य प्रदेशात गेल्यावर चोरी लक्षात आली, तर हे फार उपयोगी पडतं. बँकेला कळवून कार्डं आणि यूपीआय बंद करा. तक्रारीची प्रत मिळाल्यावर संचार साथीच्या संकेतस्थळावरून फोन ब्लॉक करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो *#०६# दाबून निघण्याआधीच लिहून ठेवा. लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचे अनुक्रमांकही.

विमा असल्यानं सगळं भरून मिळेल ही समजूतही काढून टाका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आतलं वैयक्तिक सामान येत नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि त्यातूनही रोख व दागिने बहुधा वगळलेले असतात. जबरदस्तीनं गाडी उघडल्याची खूण साधारणपणे मागितली जाते. म्हणून सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत तुटलेलं कुलूप फेकू नका आणि दार दुरुस्त करण्याआधी त्याचे जवळून फोटो घ्या. गाडी स्वतः बनवून घेतली असेल, तर हा बदल आरटीओकडून आरसीत नोंदवलाय की नाही हे आजच बघा. दाव्याच्या वेळी कंपनी तेच आधी तपासते.