दुसरीच्या पोरांना गोष्टीचा क्रम शिकवताय? कार्डं बरोबर लागली म्हणून खूश होऊ नका

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काढली, डीएलएड (शिक्षकाची पदविका) झालं आणि पहिल्याच वर्षी दुसरीचा वर्ग गळ्यात पडला असेल तर हे वाचा. वरचे वर्ग सीनियर मॅडम घेऊन टाकतात आणि नवीन बाईला "तुला गाणी छान येतात" म्हणत दुसरी देतात, आमच्याकडे तरी असंच चालतं. माझी शाळा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या बाजूची, अर्धे पोट्टे घरी हिंदी बोलतात, काहींच्या घरी छत्तीसगढी. टाचण कसं काढायचं, फळ्यावर काय लिहायचं हे तुम्हाला येतं, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते चित्रकार्डांवर, कारण मी यातच फसले होते आणि अजूनही नवीन लोकं यातच फसताना बघते.

चार चित्रं द्यायची, क्रम लावा म्हणायचं, पोरं धडाधड लावतात, आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो, झालं आकलन. पण ते आकलन नसतं हो! कावळ्याची खडे टाकायची गोष्ट पोरांनी आजीकडून ऐकलेली असते, ती काय वाचून लावणार? बरं, गोष्ट माहीत नसली तरी चित्रातच सगळं उत्तर असतं. मडक्यातलं पाणी खालून वर येतंय, सूर्य उगवून मावळतोय, एवढं बघितलं की क्रम लागला. आणि हुशार पोट्टे तर कापलेल्या कडा एकमेकांना जुळवून बघतात, कार्डामागे आपणच पेन्सिलने टाकलेला नंबर बघतात. खालचा मजकूर कोणी वाचतच नाही.

माझ्या वर्गातल्या एकाने चारही कार्डं एकदम बरोबर लावली. म्हटलं, आता सांग बरं गोष्ट. "कावळा आला, मग त्यानं खडा टाकला, मग अजून टाकला, मग पाणी पिला." काहून टाकले रे खडे? (इथे "का" विचारलं की पोरं गप बसतात, "काहून" विचारलं की तोंड उघडतात, हा माझा अनुभव.) तर म्हणे, "खेळून रायला होता." म्हणजे क्रम शंभर टक्के, गोष्ट शून्य.

सगळं "मग, मग, मग" वर चाललंय, "म्हणून" कुठेच नाही. गोष्टीचा क्रम म्हणजे नुसतं कशानंतर काय ते नाही, कशामुळे काय हे आहे. पाणी खोल होतं म्हणून चोच पोचली नाही, म्हणून खडे. हे पकडायला मी एकच करते, लावलेल्या कार्डांतली दोन उचलून अदलाबदल करते आणि विचारते, असं चालेल का? नाही म्हटलं की काहून नाही? या "काहून नाही"च्या उत्तरात कळतं पोराला काय समजलंय ते. आणि कधीकधी "चालेल" हेच बरोबर उत्तर असतं, हे लक्षात ठेवा. तान्ह्या पोळ्याची (पोरांचा लाकडी बैलांचा पोळा) कार्डं केली होती, लाकडी बैल रंगवला, नवीन कपडे घातले, बैल तोरणाखाली नेला, घरोघरी जाऊन बोजारा (पोरांना मिळणारे पैसे-खाऊ) मागितला. आता बैल आधी रंगवला का कपडे आधी घातले, काय फरक पडतो? पण बोजारा मागून झाल्यावर बैल रंगवणार नाही ना कोणी. वर्कशीटची उत्तरसूची मात्र एकच क्रम बरोबर धरते आणि विचार करून वेगळं लावणाऱ्या पोराला फुली मिळते. ती फुली देऊ नका प्लीज.

चित्रं काढून नुसत्या वाक्यपट्ट्या दिल्या की खरी मजा येते. "शाळेत जायच्या आधी राजूने मांजरीला दूध दिलं." पहिलं काय केलं? अर्धा वर्ग ओरडतो, शाळेत गेला! कारण वाक्यात शाळा पहिले आलीये. पोरं सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम एकच धरतात, आणि आपल्या मराठीत "जायच्या आधी", "जेवायच्या अगोदर" असं पदोपदी येतं. यावर वर्कशीट नको, तोंडी घ्या, वर्गात करवून घ्या. "खिडकी उघडायच्या आधी पाटी ठेव" म्हणा आणि कोण पहिले खिडकीकडे पळतं ते बघा.

आता निपुण भारत, म्हणजे लहान पोरांना वाचता-मोजता यावं म्हणून केंद्र सरकारचं अभियान. 2021 पासून आपण सगळे त्यात आहोत, दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द, अर्थ समजून. स्टॉपवॉच सगळे लावतात, "अर्थ समजून" सोयीस्कर विसरतात. वेग लागतोच, नाही असं नाही, अक्षर अक्षर जोडत वाचणारं पोर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून जातं. पण नुसता वेग म्हणजे पोपट. गफ आणि टनमर या वाचनाच्या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलंय ना, वाचून समजणं म्हणजे अक्षरं फोडून वाचणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे तो, एक शून्य तर सगळंच शून्य. म्हणूनच घरी हिंदी बोलणारं पोर भराभर वाचून दाखवतं आणि काही सांगू शकत नाही तेव्हा त्याला आळशी म्हणू नका, त्याला गोष्ट हिंदीत सांगू द्या, क्रम कळलाय की नाही ते लगेच समजतं. काही मॅडमना हे चालत नाही, चालू दे नाही तर नाही.

मार्गदर्शनाचं म्हणाल तर पीपीटीवाल्या प्रशिक्षणापेक्षा शेजारच्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसा, रिटायरमेंटला आलेली बाई पोरांना गोष्ट मध्येच थांबवून "आता काय होईल?" कसं विचारते ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफवर माझा काडीचा विश्वास नाही. लॅमिनेशनवर पैसे घालवू नका, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते, आणि नंबर टाकू नका मागे!

पहिले दोन महिने काही जमत नाहीये असं वाटेल, ते सगळ्यांना वाटतं. आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडते, पोळ्यापर्यंत नुसत्या तोंडी गोष्टी घ्या, मागचं-पुढचं बोलून घ्या, मग कार्डं, मग पट्ट्या. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून कोणी बोललं तर ऐकून घ्या आणि आपलं चालू ठेवा. दिवाळीनंतर एखादं पोट्टं स्वतःहून "मॅडम, हे कार्ड इथं कसं येईन?" म्हणून भांडायला लागतं, त्या दिवशी त्याच्याशी भांडा, पुढचा पाठ उद्या घेतला तरी चालतो.