अ‍ॅम्ब्युलन्स बोलावताना आधी रस्त्याची बाजू सांगा

अपघातानंतर अ‍ॅम्ब्युलन्सचा बराच वेळ जागा शोधण्यात जाऊ शकतो. ‘हायवेवर, पुलाच्या जरा पुढे’ एवढ्यावरून काही कळत नाही. दुभाजक असेल तर गाडी कुठल्या गावाकडे जाणाऱ्या बाजूला आहे ते आधी सांगा. चुकीच्या बाजूने आलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सला वळायला पुढे कितीतरी लांब जावं लागतं. मग कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, नाहीतर मोबाइलच्या नकाशातले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. जखमी किती, कुणी बेशुद्ध आहे का, गाडीत अडकलंय का, हेही सांगा. अडकलं असेल तर अग्निशमन दलही लागतं. पलीकडून ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. बघ्यांना तोटा नसतोच. त्यातल्या एकाला सुरक्षित कडेला उभं राहून अ‍ॅम्ब्युलन्सला हात दाखवायला सांगा.

तोवर रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. पाणी पाजू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट तसंच राहू द्या आणि आगीसारखा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका.