स्वतः छापलेल्या पुस्तकाची फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात कशी करावी

सातारा-सांगलीकडच्या ज्या लेखकाने पदरमोड करून पुस्तक छापले आहे, त्याने सशुल्क जाहिरातीकडे वळण्यापूर्वी एका प्रतीचा हिशेब वहीत मांडावा. समजा, पुस्तकाची किंमत २५० रुपये आहे, छपाईला प्रतीमागे ९० रुपये पडले आणि टपाल व वेष्टनाला ५० रुपये लागतात. म्हणजे हाती ११० रुपये उरतात आणि एक प्रत विकण्यासाठी जाहिरातीवर त्याहून अधिक खर्च झाला, तर तो घरातून भरावा लागतो. एक क्लिक ३ रुपयांना पडला आणि शंभर क्लिकमागे दोघांनीच पुस्तक घेतले, तर प्रतीमागे १५० रुपये गेले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७७. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, जाहिरातीला मात्र आहे. जाहिरातीच्या खात्यात आगाऊ १,००० रुपये भरले, तर प्रत्यक्ष जाहिरातीसाठी सुमारे ८४७ रुपयेच उरतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, शक्य असेल तर दोन-तीन पुस्तकांचा संच जाहिरातीत द्यावा, कारण टपालखर्च त्या प्रमाणात वाढत नाही आणि प्रत्येक ग्राहकामागे अधिक रक्कम सुटते.

साध्या वैयक्तिक प्रोफाइलवरून जाहिरात देता येत नाही, त्यासाठी लेखकाच्या नावाचे पेज काढावे. पोस्टचीच जाहिरात करणारे तिच्याखालचे ‘बूस्ट’ बटण सोपे असले, तरी ॲड्स मॅनेजर या फेसबुकच्या जाहिराती चालवण्याच्या साधनात जाऊन उद्दिष्ट स्वतः निवडणे चांगले, कारण आपण जे मागतो तेच करणारी माणसे ही यंत्रणा शोधते: लाइक मागितले तर लाइक करणारे मिळतात, पुस्तक घेणारे नव्हेत. आपल्या भागातील वाचक पैसे भरण्यापूर्वी दोन शब्द बोलू पाहतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर संदेश आणणारी जाहिरात मला सर्वांत योग्य वाटते. तिथेच पत्ता घेता येतो आणि यूपीआयने पैसेही येतात. ॲमेझॉनच्या पानावर आपला पिक्सेल, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्याने पुढे खरेदी केली का हे टिपणारा छोटा कोड, बसवता येत नाही, त्यामुळे तिकडे वाचक पाठवल्यास क्लिक मोजता येतात, पण त्यांतून किती प्रती खपल्या ते नेमके कळत नाही.

सर्वाधिक विचार ठिकाणाचा करावा. ‘महाराष्ट्र’ एवढेच निवडले तर पैसे विखुरतात आणि केवळ सातारा शहर निवडले तर वाचक अपुरे पडतात. माण-खटावच्या दुष्काळावरची कादंबरी दहिवडी-वडूजमध्ये वाचली जाईलच, परंतु तिचे वाचक पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नवी मुंबईतही आहेत, कारण कामधंद्यासाठी गाव सोडलेली आणि गावाची ओढ कायम असलेली कुटुंबे तिथे राहतात. तासगावच्या द्राक्षबागांवरचे पुस्तक नाशिकच्या बागायतदारालाही आपले वाटेल. गाव आणि शहर यांसाठी दोन स्वतंत्र ॲड सेट, म्हणजे ज्यांचे ठिकाण आणि वाचक वेगळे ठरवता येतात असे जाहिरातीचे गट, करावेत, भाषा मराठी ठेवावी. ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्स ही वाचक आपोआप शोधणारी सोय चालू असेल, तर आवडीनिवडींची निवड केवळ सूचना म्हणून धरली जाते, ठिकाणाची मर्यादा मात्र पाळली जाते. म्हणूनही ठिकाण नेमके हवे. दोनाहून अधिक सेट करू नयेत, कारण योग्य माणसे कोणती हे यंत्रणेला उमगून प्रत्येक सेट स्थिरावण्यासाठी आठवड्यात सुमारे ५० परिणाम (इथे आलेले संदेश) लागतात आणि तुटपुंजी रक्कम चार ठिकाणी वाटली, तर कोणताच सेट तिथवर पोहोचत नाही.

जाहिरातीत मुखपृष्ठाचा नुसता फोटो आणि ‘अवश्य वाचा’ असे आवाहन टाकणे म्हणजे आपल्याच लेखनावर अन्याय करणे होय. लेखकाने स्वतःच्या आवाजात पुस्तकातला सर्वांत जिवंत परिच्छेद अर्ध्या मिनिटात वाचावा, मोबाइल उभा धरून चित्रण करावे आणि शब्द पडद्यावर दाखवावेत, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. माणदेशी बोलीतले संवाद असतील तर ते तसेच ठेवावेत; ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, तो वाचक त्या बोलीनेच थांबतो. किंमत आणि टपालखर्च मजकुरात स्पष्ट सांगावा. पुस्तक सहकारी कारखान्यांचे राजकारण, निवडणूक किंवा सामाजिक प्रश्नावर असेल, तर जाहिरात फेसबुकच्या ‘सामाजिक प्रश्न, निवडणूक किंवा राजकारण’ या विशेष वर्गात धरली जाऊ शकते आणि मग ओळख पडताळून ‘पैसे कोणी दिले’ हे दाखवावे लागते. ही पडताळणी प्रकाशनाच्या तारखेपूर्वी पुरेसा वेळ ठेवून उरकावी.

सुरुवातीलाच खात्यावर खर्चाची कमाल मर्यादा घालावी. जाहिरात सुरू झाल्यावर पहिला आठवडा तिला हात लावू नये, कारण मोठा बदल केला की स्थिरावण्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाची आणि त्यांपैकी पुस्तक घेणाऱ्यांची नोंद गाववार ठेवावी, मग करासह एकूण खर्चाला विकलेल्या प्रतींनी भागावे. उत्तर ११० च्या आत असेल, तर रोजची रक्कम थोडी थोडी वाढवावी. बाहेर असेल, तर आधी वाचनाचा परिच्छेद बदलावा, तेवढ्याने भागले नाही तर ठिकाण बदलावे, मात्र दोन्ही एकदम बदलू नये. त्यानंतरही आकडा उतरला नाही, तर जाहिरात बंद करावी आणि उरलेली रक्कम ग्रंथप्रदर्शनातील टेबलाच्या भाड्यासाठी किंवा तालुक्यातील वाचनालयांना प्रती पोहोचवण्यासाठी वापरावी.