रात्रीच्या कोल्हापुरात रस्त्यावरचे फोटो काढताय? या चुका टाळा

रात्री साडेआठला महाद्वार रोडवर जेवढा उजेड असतो, तेवढा आजच्या कुठल्याही कॅमेऱ्याला पुरतो. तरीही चेहरे हलतात, काळे पडतात आणि दुकानांच्या पाट्या पांढऱ्याफटक होतात. माणूस समोर आल्यावर सेटिंग शोधायला घेतली, की असंच होणार. आधी चांगला उजेड गाठा, सेटिंग त्या उजेडाची करून ठेवा आणि मग तिथं माणूस येण्याची वाट बघा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यानं होतात.

शटर ऑटोवर सोडणं

ऑटोवर ठेवलेला कॅमेरा अंधार दिसला की शटरचा वेग (फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) बेधडक 1/30 सेकंदापर्यंत खाली नेतो. उभ्या माणसाला 1/60 ते 1/100 पुरतं, आपल्याकडं चालत येणाऱ्याला 1/125, आडवं जाणाऱ्याला 1/250 लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, समोरच्या माणसाचं नाही. मॅन्युअल मोड घ्या, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ 2 किंवा 2.8 ठेवा. चालत फिरताना ऑटो आयएसओची (कॅमेऱ्याच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा 6400 करा. एका जागी थांबणार असाल तर आयएसओही कायम करून टाका. त्यासाठी आपलाच तळहात त्या उजेडात धरून एक फोटो काढा. तळहात नीट दिसला, तर त्या जागी येणारा चेहराही नीट येईल.

नॉइजच्या, म्हणजे फोटोवरच्या दाण्यांच्या भीतीनं आयएसओ 800 वर अडवून ठेवणं ही याच चुकीची जुळी बहीण. घरी येऊन काळा फोटो उजळला की दाणे जास्तच वर येतात. थोडे दाणे चालतात. हललेला चेहरा मात्र नीट परत मिळत नाही.

सायलेंट शटर आणि फोटोवरचे पट्टे

आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि घरी फोटोवर आडवे काळे पट्टे दिसले, ही तक्रार फार ऐकू येते. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून बरेच ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र ओळीओळीनं वाचतं, त्यामुळं काही ओळी उजळ येतात, काही काळ्या. तेच शटर वापरायचं असेल तर 1/100 किंवा 1/50 वर राहा. 1/250 हवं असेल तर मेकॅनिकल शटर घ्या, अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम टाळणारी सोय) असेल तर सुरू करा आणि एकच फोटो न काढता तीन-चार सलग काढा, कारण त्यातले एक-दोन काळपट येऊ शकतात. चप्पल लाईनच्या गर्दीत मेकॅनिकल शटरचा आवाज तसाही कुणाला ऐकू जात नाही. काही एलईडी पाट्या वेगळ्याच गतीनं लुकलुकतात, तिथं शटर थोडं वर-खाली करून बघावं लागतं.

कॅमेऱ्याच्या मोजमापावर विश्वास

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशीची धार समोरच काढून ग्लासात देतात, ही चूक सगळ्यात स्पष्ट दिसते. फ्रेममध्ये काळी म्हैस, मागं अंधार. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो फोटो उजळतो आणि ग्लासातल्या फेसाचा नुसता पांढरा डाग उरतो. तिथं ऑटो आयएसओवर असाल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे 1 करा. पाठीमागं झगमगती पाटी असेल तर उलटं होतं, चेहरा काळा पडतो. अशा वेळी आकड्यांशी झगडण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरका, पाटी फ्रेमबाहेर काढा आणि तिचाच उजेड चेहऱ्यावर पडू द्या. रंकाळ्यावरही पाण्याकडं तोंड केलेल्या माणसापेक्षा भेळेच्या गाड्याकडं वळलेला माणूस टिपा. दिवा तिथंच आहे.

फ्लॅश तर नकोच. धार काढताना म्हैस बिचकते आणि माणसंही सावध होतात. फोकससाठी पेटणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा, बऱ्याच जणांचं गुपित तोच फोडतो.

फोकस

फेस डिटेक्शन चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे चेहरे पकडतं, हे लक्षात ठेवा. एकच फोकस पॉइंट ठेवा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 23 मिमी लेन्स असेल तर एफ 4 ला फोकस हातानं 3 मीटरवर लावून ठेवा, साधारण 2 ते साडेपाच मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मग फक्त अंतराचा अंदाज लागतो.

मोबाइलवर नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो जोडून एक बनवतो, म्हणून चालणारी माणसं भुतासारखी येतात. झूम न करता मुख्य लेन्स वापरा आणि आधी ती पुसा. दिव्यांभोवतीची धुरकट वलयं बहुतेक वेळा बोटांच्या तेलाची असतात. कॅमेऱ्यावरचा स्वस्त यूव्ही फिल्टरही रात्री काढून ठेवा, त्यानं दिव्यांची दुसरी प्रतिमा उमटते.

लपून काढणं

पोटाजवळ कॅमेरा लपवला की फोटोही वाकडा येतो आणि संशयही बळावतो. कॅमेरा उघड गळ्यात ठेवा, गाड्यावरून काहीतरी घ्या, दहा मिनिटं थांबा. लोक आपल्या कामाला लागतात आणि खरा फोटो तेव्हाच मिळतो. कुणी विचारलं तर "मामा, हातांचा फोटो काढलाय, बघा की" म्हणून स्क्रीन दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर काढून टाका. लहान मुलं असतील तर आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढूच नका. पिऊन पडलेल्या माणसाचा फोटो कितीही चांगला दिसत असला तरी तो काढू नये, असं आमचं ठाम मत आहे.

कॅमेऱ्याची स्क्रीन अंधारात प्रत्यक्षापेक्षा उजळ भासते. तिची ब्राइटनेस कमी करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. दुकानांची शटरं पडायला लागली की उजेड काही मिनिटांत उतरतो आणि साडेआठची सेटिंग कामाची राहत नाही. तेव्हा तळहात पुन्हा धरा. आयएसओ 6400 ला पोचून फोटो काळाच येत असेल, तर रस्ता सोडा आणि जळत्या दिव्याचा एखादा गाडा गाठा.